मणका मोडला आणि नस दबली : दादाचं ऑपरेशन, त्याआधीचा दिवस आणि नंतरचं वर्ष

कातळफूल | १४ जून, रात्री ९.१२

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा मोठा भाऊ हापूसच्या झाडावरून पडला. हातात आंबे उतरवायची घळ होती, पाय ठेवला ती फांदी आतून पोखरलेली निघाली. पंधरा-सोळा फूट उंची. खाली जांभ्याचा गडगा, त्यावर तो थेट बुडावर आपटला. सकाळचे आठ वाजले होते.

आमच्या भागात मे महिन्यात असं कुणी ना कुणी पडतंच. आंब्यावरून, माडावरून, पोफळीवरून. तरी आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं की पडलेल्या माणसाला उचलायचं कसं. चौघांनी त्याला दोन हात, दोन पाय धरून उचललं आणि शेजाऱ्यांच्या टेम्पोत आंब्याच्या रिकाम्या पेट्या बाजूला सारून निजवलं. मधे कंबर लोंबत होती. वाटेत तो वहिनीला म्हणाला, "कमरेखालचं माझं वाटत नाही गं." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. कुणी असं म्हणालं की टेम्पो थांबवायचा आणि १०८ला फोन करायचा. आम्ही थांबवला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला फळीवर घेतलं. चार जणांनी एका दमात, ओंडका लोटावा तसं एकसंध वळवून. एक्स-रे काढला, लघवीची नळी घातली आणि सांगितलं, इथे वेळ घालवू नका. घरातल्या एका मोठ्या माणसाचं मत पडलं की हाड बसवणाऱ्याकडे एकदा दाखवू. वहिनी दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, गाडी कोल्हापूरलाच जाईल. तेव्हा ती मधे पडली नसती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

मी पुण्याहून निघाले. आंबा घाट चढून ते लोक संध्याकाळी सातला कोल्हापूरला पोचले, म्हणजे पडल्यापासून अकरा तासांनी.

सर्जननी आधी एमआरआय बघितलाच नाही. कापूस आणि पिन घेऊन पायाच्या अंगठ्यापासून वर वर गेले. दादाचे डोळे मिटायला लावले होते. "कळतंय? टोचतंय की नुसता हात लागतोय?" उजव्या पावलात काही नाही. डाव्या पायाचा अंगठा हलव म्हटल्यावर तो किंचित, खरंच भाताच्या दाण्याएवढा हलला. मी पलंगाच्या पायथ्याशी होते, मला तो दिसला. मग आम्हाला बाहेर काढून त्यांनी गुदद्वाराजवळचा स्पर्श तपासला. बाहेर येऊन म्हणाले, तिथे कळतंय, म्हणजे वाट पूर्ण बंद झालेली नाही, आणि म्हणूनच घाई करायची.

एमआरआयमध्ये दिसलं ते असं : कमरेचा पहिला मणका, एल१, चेचला गेला होता. फुटलेल्या मणक्याचा मागचा तुकडा मज्जारज्जू जातो त्या कण्याच्या नळीत घुसून मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या टोकावर दाबत होता.

पहाटे साडेपाचला ऑपरेशनला नेलं, साडेदहाला बाहेर. पालथं निजवून पाठीतून केलं. वरच्या डी१२ (छातीचा शेवटचा मणका) आणि खालच्या एल२ मध्ये दोन-दोन स्क्रू, मोडलेल्या एल१च्या एका बाजूला एक, दोन्ही बाजूंना टायटॅनियमचे रॉड. मागची कमान काढली तेव्हा नसांचं आवरण फाटलेलं आणि नसांचे दोन-तीन धागे मोडक्या हाडाच्या चिमटीत अडकलेले सापडले. ते सोडवले, आवरण शिवलं, पुढचा तुकडा दाबून जागेवर बसवला. आवरण शिवल्यामुळे दोन दिवस अगदी सपाट ठेवलं.

आता तेरा महिने झाले. दादा काठी घेऊन अंगणात चालतो. उजवं पाऊल अजून लोंबतं, त्याला प्लास्टिकची पट्टी आहे. लघवीचं पुढे लिहीन, कारण आमचं निम्मं वर्ष त्यातच गेलं.

चर्चेचा हा धागा एवढ्यासाठी काढते आहे की पहिल्या रात्री आम्हाला काय विचारायचं तेच कळत नव्हतं. सगळे एकच विचारत होतो, "चालेल ना?" इथे डॉक्टर, फिजिओ, अशा पेशंटच्या घरचे कुणी असतील तर लिहा. नीट, कळेल असं.

---

शेवंती | १४ जून, रात्री १०.०५

वाचताना हात गार पडले. वहिनींना माझा नमस्कार सांगा. वाचनखूण साठवली.

---

कण्याचा_डॉक्टर | १५ जून, सकाळी ७.३०

कातळफूल ताई, चांगला धागा. गेली अठरा वर्षं मी हेच काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. इथे वाचून कुणी स्वतःच्या पेशंटचा निर्णय घेऊ नये, तो समोरच्या डॉक्टरशी बोलूनच घ्यावा.

छातीचे शेवटचे आणि कमरेचे पहिले मणके, म्हणजे डी११ ते एल२, हा आपल्या कण्याचा सांधा बदलायचा पट्टा. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालचा मोकळा. उंचावरून बुडावर किंवा टाचांवर पडलं की मार इथेच येऊन थांबतो. मज्जारज्जू साधारण एल१-एल२पाशी संपतो आणि पुढे घोड्याच्या शेपटीसारखे नसांचे धागे खाली जातात. म्हणून एकाच मणक्याच्या मोडीत कुणाचा मज्जारज्जू दुखावतो, कुणाच्या नुसत्या नसा. नसा मज्जारज्जूपेक्षा बऱ्या भरून येतात. एल३-एल४ला मोड झालेला पेशंट आणि डी६ला झालेला पेशंट यांची तुलना करू नका.

तुमच्या सर्जननी एमआरआयच्या आधी पिन हातात घेतली, ते अगदी बरोबर. आम्ही पेशंटला ए ते ई अशी श्रेणी देतो. ए म्हणजे इजेच्या खाली काहीच नाही, गुदद्वाराजवळसुद्धा नाही. बी म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. सी म्हणजे हालचाल आहे, पण निम्म्याहून जास्त स्नायूंना स्वतःचं वजन उचलण्याएवढी ताकद नाही. डी म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त स्नायू ते उचलतात. ई म्हणजे सगळं शाबूत. दादा बहुधा सी होता. गुदद्वाराजवळच्या नसा सगळ्यात खालून येतात. तिथे कळतंय याचा अर्थ निरोप वरून खालपर्यंत थोडा तरी पोचतोय. ए आणि बी यांच्यातला फरक एवढ्याशा तपासणीवर ठरतो, आणि पुढे किती परत मिळेल याचा अंदाजही बराचसा त्यावरच. पहिल्या एक-दोन दिवसांत मज्जारज्जू धक्क्यात असतो, तेव्हा ए दिसला तरी ती श्रेणी शेवटची समजू नये. पुन्हा तपासावी.

ऑपरेशन दोन कामं करतं. दाब काढतं आणि कणा स्थिर करतं. चेंगरलेला मज्जारज्जू ऑपरेशनने जोडला जात नाही, तो सांधणारी शस्त्रक्रिया आज जगात कुठेही नाही. पडण्याच्या क्षणी जे झालं ते झालं. त्यानंतरच्या तासांत सूज, कमी पडणारा रक्तपुरवठा आणि चालू राहिलेला दाब यांनी जी आणखी हानी होते, ती थांबवायला आम्ही धावतो. ऑक्सिजन आणि रक्तदाबही याचसाठी सांभाळायचा. सरासरी रक्तदाब (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला) ८५ ते ९०च्या दरम्यान पहिला आठवडाभर ठेवायचा प्रयत्न करतात.

---

सह्यवारा | १५ जून, सकाळी ९.४८

डॉक्टर, विचारतो त्याचा राग मानू नका. माझ्या काकांचाही एल१च मोडला होता. तीन महिने पट्टा बांधून घरी होते, स्क्रू नाही की रॉड नाही. आज शेतात कामाला जातात. त्यांनाही एका ठिकाणी "लगेच ऑपरेशन, नाहीतर पाय जातील" सांगितलं होतं. मग लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

---

कण्याचा_डॉक्टर | १५ जून, दुपारी १.२०

राग कशाला, प्रश्न रास्त आहे. काकांचे पाय पहिल्या दिवशी पूर्ण हलत होते का? संवेदना, लघवी सगळं ठीक होतं का? असेल तर त्यांना पट्टा दिला तो निर्णय चांगला होता. नस दुखावलेली नाही आणि मागचे अस्थिबंध (मणके एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) शाबूत आहेत अशा फुटलेल्या मणक्यांवर ऑपरेशन विरुद्ध पट्टा अशी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यात ऑपरेशनचा लांब पल्ल्याचा ठोस फायदा दिसला नाही.

निर्णयाला मोजमाप आहे. २००५ पासून वापरात असलेल्या एका पद्धतीत तीन गोष्टींना गुण देतात : मोड कशी आहे, मागचे अस्थिबंध कसे आहेत, नसांचं काय झालंय. बेरीज तीन किंवा कमी असली तर बिनऑपरेशन, पाच किंवा जास्त असली तर ऑपरेशन, चार असली तर दोन्ही रस्ते मोकळे. तुमच्या काकांचे बहुधा दोन झाले असते. दादाचे बघा : मणका फुटला त्याचे दोन, नसांना अपुरी इजा त्याचे तीन, इथेच पाच. अस्थिबंधांचा संशय असेल तर आणखी दोन. नातेवाइकांनी डॉक्टरांना बेधडक विचारावं, "अस्थिबंध तुटलेत का, आणि नसांची इजा पूर्ण आहे की अपुरी?" या दोन उत्तरांवर जवळजवळ सगळं ठरतं. एमआरआयच्या अहवालात "नळी ६० टक्के बंद" असलं काही वाचून घाबरू नका. त्या टक्क्यांचा आणि पायांच्या ताकदीचा मेळ बरेचदा बसत नाही.

---

सह्यवारा | १५ जून, दुपारी २.०२

हो, पाय हलत होते. लघवीही होत होती. समजलं. आभारी आहे.

---

रानजाई | १५ जून, रात्री ११.१५

माझ्या भावाला (मानेचा मणका, मोटारसायकल) पहिल्या दवाखान्यात स्टिरॉइडचा मोठा डोस दिला, दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की तो द्यायला नको होता. दोघांतलं खरं कोण? आणि २४ तासांत ऑपरेशन व्हायला हवं असं वाचलं, ते कितपत खरं?

---

कण्याचा_डॉक्टर | १६ जून, सकाळी ६.५५

स्टिरॉइड : १९९०च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर जगभर आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देणं सुरू झालं. माझ्या शिकण्याच्या काळात ते दिलं नाही तर वरिष्ठ ओरडायचे. पुढे त्या आकड्यांची फेरतपासणी झाली आणि जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, फुप्फुसाचा त्रास हे तोटे जड वाटू लागले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-मणका सर्जनांच्या संघटनांनी ते देऊ नका असं म्हटलं. २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आठ तासांच्या आत, २४ तासांपुरता, एक पर्याय म्हणून ठेवलं आहे. त्यामुळे तुमच्या दोन्ही डॉक्टरांत कुणी अडाणी नाही. मी स्वतः देत नाही. आठ तासांनंतर तर देऊच नये.

वेळ : २०१२ साली मानेच्या इजांवरचा एक अभ्यास आला, ३१३ पेशंट. सहा महिन्यांनी दोन किंवा जास्त श्रेणींनी सुधारलेले पेशंट २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांत १९.८ टक्के होते, उशिरा काढलेल्यांत ८.८ टक्के. २०२१ मध्ये चार अभ्यासांतल्या १,५४८ पेशंटांची माहिती एकत्र करून पाहिली, तिचाही कौल लवकर करण्याकडेच गेला. कमरेच्या वरच्या भागाच्या इजांनाही आम्ही हेच तत्त्व लावतो. पण पेशंटचा रक्तदाब पडलाय, छातीत रक्त साठलंय, तर आधी जीव. आणि आमच्याकडे २४ तास बहुतेक वेळा ऑपरेशन टेबलावर वाया जात नाहीत, ते रस्त्यात जातात. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या.

---

मावळतीवाट | १६ जून, रात्री ८.४०

दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको करत होते.

माझ्या वडिलांचा डी६ सरकला, चार वर्षांपूर्वी, गाडीच्या अपघातात. श्रेणी ए. ऑपरेशन अठ्ठावीस तासांनी झालं, आठ स्क्रू. पाय परत आले नाहीत. आज चार वर्षांनी अंगठासुद्धा नाही. दादाची गोष्ट वाचून मला आनंदच आहे, पण धाग्यावर आमच्यासारख्यांचंही असायला हवं, नाहीतर नव्याने वाचणाऱ्याला वाटेल की ऑपरेशन वेळेत केलं की माणूस चालतो.

मग ऑपरेशन कशाला केलं, असं आत्या अजून विचारते. माझं उत्तर : पाचव्या दिवशी बाबा खुर्चीत बसले. कणा पक्का नसता तर महिनोन् महिने आडवे राहिले असते आणि त्यांची छाती भरली असती. बसले, म्हणून स्वतः जेवले. माझ्या दृष्टीने ते ऑपरेशन यशस्वी आहे.

चूक झाली ती वेगळीच. दुसऱ्या आठवड्यात, दवाखान्यातच, उजव्या टाचेवर जांभळा डाग दिसला. मी सिस्टरना दाखवला, त्या म्हणाल्या मार असेल. चार दिवसांत तिथली कातडी काळी पडली. माकडहाडावर दुसरी जखम, माझ्या तळव्याएवढी. ती भरायला सात महिने लागले, कातडीचं ऑपरेशन झालं ते निराळं. पायाचं दुःख आम्ही स्वीकारलं होतं, या जखमेचं मला अजून पचत नाही, कारण ती टाळता आली असती. दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा. गजर लावून.

आणखी एक, डी६ किंवा त्याच्या वर इजा असणाऱ्यांसाठी. एका दुपारी बाबांचं डोकं फुटायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घाम, रक्तदाब २००च्या वर. मी घाबरून मेंदूचा झटका समजले. फिजिओ मॅडम घरी होत्या, त्यांनी आधी बाबांना उठवून बसवलं आणि मग चादर उचलली. लघवीची नळी मांडीखाली मुडपली होती. सरळ केली, सातशे मिली लघवी आली, दहा मिनिटांत रक्तदाब उतरला. मूत्राशय तुंबलं की खालचं शरीर असा आकांत करतं, त्याला वरून लगाम उरलेला नसतो. ही गोष्ट डिस्चार्जच्या वेळी आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

---

कातळफूल | १६ जून, रात्री ९.३०

मावळतीवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. बाबांना नमस्कार.

---

टेम्सकाठची_सिस्टर | १७ जून, पहाटे ३.१०

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची साताऱ्याची. "दर दोन तासांनी" हे वाचून राहवलं नाही.

ही शिस्त इथल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयाची. लुडविग गुटमान, जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर, यांनी १९४४ साली तिथे कण्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. त्याआधी पॅराप्लेजिया झालेला, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडलेला, सैनिक म्हणजे लघवीचा संसर्ग नाहीतर शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम), यातल्या एकाने जाणार, असंच धरून चालत. गुटमाननी रात्रंदिवस दोन-दोन तासांनी पेशंट वळवायला लावले, लघवीच्या नळीची स्वच्छता कडक केली, आणि माणसं जगायला लागली. २९ जुलै १९४८ रोजी तिथेच १६ जखमी सैनिकांची, स्त्रिया आणि पुरुष, धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी घेतली. त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

गुटमान ऑपरेशनच्या विरोधात होते, हे लक्षात घ्या. तेव्हा ऑपरेशन म्हणजे नुसती मागची कमान काढणं. आधीच मोडलेल्या कण्याचा उरलेला आधारही जायचा आणि पेशंट आणखी बिघडायचा. त्या काळापुरते ते बरोबर होते. कणा धरून ठेवणारे हॅरिंग्टनचे रॉड १९६०च्या दशकात आले, त्यानंतर पॅरिसच्या रॉय-कामिल यांनी मणक्याच्या खांबातून जाणारे स्क्रू रुजवले, तेव्हा कुठे "दाब काढा आणि त्याच वेळी पक्कं करा" हे शक्य झालं. दादाला पडलेले पाच स्क्रू त्याच वंशाचे.

अवांतर : आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. खडकीचं सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४चं. पुण्यातल्या कितीजणांना ते माहीत आहे?

---

पुन्हा_उभे | १७ जून, दुपारी १२.२५

फिजिओथेरपिस्ट इकडून. ऑपरेशननंतर घरचे मला पहिलं वाक्य म्हणतात, "रॉड टाकलेत, हलवू नका." रॉड टाकलेत ते हलवता यावं म्हणूनच. सर्जननी परवानगी दिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसवायचं. पाऊल नव्वद अंशांत ठेवायचं, नाहीतर टाचेची शीर आखडते आणि पुढे ताकद आली तरी पाऊल जमिनीला टेकत नाही.

सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांत येतो, मग वेग मंदावतो, पण वर्ष-दीड वर्षापर्यंत नवीन स्नायू जागे होताना मी पाहिले आहेत. नसांचे धागे दिवसाला मिलिमीटरभर वाढत पुढे सरकतात असं ढोबळ धरा आणि कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा. म्हणून मांडी आधी येते, पाऊल शेवटी. कातळफूल ताई, दादाचं उजवं पाऊल लोंबतंय म्हणून पट्टी टाकून देऊ नका, अजून.

मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, सरकारी, १९५५ पासून. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), पट्ट्या, खुर्ची, सगळ्याचं मार्गदर्शन मिळतं.

---

कातळफूल | १८ जून, रात्री १०.५०

लघवीबद्दल लिहीन म्हटलं होतं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी कायमची नळी काढली. दादाला लागल्याचं कळत नव्हतं आणि जोर करून होतही नव्हती. मूत्राशय सैल पडलं होतं, भरून वाहायचं. सिस्टरनी वहिनीला समोर बसवून शिकवलं : हात साबणाने धुवायचे, १४ नंबरची नळी, टोकाला जेली, हळू आत, लघवी आली की आणखी थोडी आत, संपली की काढून टाकायची. दर चार ते सहा तासांनी, एका वेळी ४०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही. ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक लागत नाही, स्वच्छ पुरतं. १९७२ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी, लॅपिडस त्यांचं नाव, हे दाखवून दिलं म्हणे, की तुंबलेली लघवी जास्त घातक.

घरी आल्यावर आईला ते सहन होईना. सुनेने हे करायचं? दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दादाने नळी स्वतःच्या हातात घेतली. पहिल्यांदा हात थरथरत होते, आरसा वहिनीने धरला होता. दहा दिवसांत तो एकटा करायला लागला, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा माणूस दिसायला लागला. चालला त्याच्या खूप आधी.

वहिनीकडे एक शाळेची शंभर पानी वही आहे. तारीख, वेळ, प्यालेलं पाणी, आलेली लघवी. मापाला केकचं पीठ मोजायचा प्लास्टिकचा मग. जुलैच्या पानावर दिवसातून पाच नोंदी आहेत : ३८०, ४२०, ३५०. नोव्हेंबरात पहिल्यांदा "स्वतः झाली" असं लिहिलंय, त्याखाली दोन रेघा. आता स्वतः होते, नंतर नळीने पाहिलं तर ७०-८० मिली उरते. दिवसातून दोनदाच नळी. ती वही यूरॉलॉजिस्टनी अर्धा तास वाचली.

खर्चाचं दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं. अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेल्या, दवाखान्यात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो, भरती होतानाच त्याला गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. आता संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. औषधं, पट्टा, नंतरची फिजिओ मात्र खिशातून. कायम अपंगत्व राहिलं तर युडीआयडी कार्डाचं (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काम सुरू करा.

---

एक_वाचक | १९ जून, रात्री ११.५८

आडून विचारतो. वय ३१. एल१, श्रेणी डी, चालतो. नवरा-बायकोच्या संबंधांचं कुणी बोलतच नाही. सर्जनसमोर बाबा बसलेले असतात.

---

पुन्हा_उभे | २० जून, सकाळी ७.१५

आडून का, हक्काने विचारा. लघवी, शौच आणि हे, तिन्हींच्या नसा एकाच पट्ट्यातून येतात, त्यामुळे अडचण येणं अगदी सर्रास आहे आणि त्यावर औषधं, उपकरणं, मूल हवं असेल तर त्याचेही मार्ग आहेत. यूरॉलॉजिस्टची वेगळी वेळ घ्या आणि दोघं जा. बाबांना चहाला पाठवा.

---

घाटवळण | २१ जून, रात्री १.३४

कुणी जागं आहे का? माझा मेहुणा, २६ वर्षं, संध्याकाळी पाचला इमारतीच्या परांचीवरून पडला. जिल्ह्याच्या ठिकाणी आहोत. पाय जड म्हणतोय. सीटी झाला, एल२ फुटलाय. इथे म्हणतात सकाळी बघू. धागा आत्ता पूर्ण वाचला.

---

कातळफूल | २१ जून, रात्री १.४१

जागी आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा : अंगठा हलतो का, गुदद्वाराजवळ कळतंय का, लघवीची नळी घातली का. आणि कणा सर्जन इथे आहे का, नसेल तर जवळ कुठे. फळीवरून उठवू नका, वळवताना एकसंध.

---

कण्याचा_डॉक्टर | २१ जून, रात्री २.०५

तिथे सर्जन नसेल तर रात्रीच हलवायचं बोला. निघण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन, एमआरआय चालू आहे ना हे विचारून. रक्तदाब पडू देऊ नका, सलाईन चालू ठेवूनच गाडी निघू दे. फळी प्रवासापुरतीच, तिथे पोचल्यावर गादीवर घ्यायला सांगा. लांब वेळ फळीवर कातडी दबते.

---

घाटवळण | २१ जून, पहाटे ४.२०

१०८ मिळाली. निघालो. दोन्ही अंगठे हलतात, उजवा कमी. खाली कळतंय म्हणाले.

---

घाटवळण | २१ जून, रात्री ८.१०

दुपारी बारा ते चार ऑपरेशन. चार स्क्रू. बाहेर आणलंय, आयसीयूत आहे. पायांचं डॉक्टर म्हणतात आज काही सांगणार नाही, रोज तपासू. बहीण विचारतेय, आम्ही आज रात्री करायचं काय?

---

मावळतीवाट | २१ जून, रात्री ८.२२

दोन्ही पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा गादीला टेकू देऊ नका. दहा, बारा, दोन, चार असे गजर लावून ठेवा आणि प्रत्येक वेळी सिस्टरना बोलावून त्यांच्या मदतीनेच कूस बदला. उजव्या टाचेचा आत्ता, लाइट लावून, फोटो काढून ठेवा. उद्या सकाळी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी धरून बघा.